दुसरी पट्टी

बेंदवाडीत मंगल जमदाडेनं अंथरूण काखेत मारलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज तिच्या सुनेचं बीज पिकलंय.

अंथरूण घेऊन ती समोरच्या शालनकाकूकडं झोपायला जायची. जमदाडेंचं द्राक्षबागेच्या कडेचं घर दोन खोल्यांचं, मधे पत्र्याची भिंत. पोरासुनेला मोकळीक मिळावी, एवढाच तिचा हेतू. हेतू चांगला होता, पण रस्ता ओलांडताना कुणीतरी हटकायचंच, "काय मंगल, आला का मेसेज?" आणि मंगल हसून मान हलवायची. आत चुलीपाशी उभ्या असलेल्या सुनेला, अस्मिताला, ते हसू ऐकू यायचं. कुणाच्या पोटात काय चाललंय हे डेअरीवर दूध घालायला आलेल्या माणसांना माहीत असावं, यात बेंदवाडीला काही गैर वाटत नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झालेल्या आणि मूल नसलेल्या बाईचं पोट हे गावाचं पटांगण असतं. कुणीही यावं, उभं राहावं.

मेसेज पाठवायची ती पट्टी. सरकारी योजनेतून उपकेंद्रावर मिळणारी, दंडाला चिकटवायची, कुंकवाच्या डबीच्या झाकणाएवढी.

आधीच्या पिढीतल्या बायकांनी हेच औषध गोळीतून घेतलं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळी, मग दहाव्या, बाराव्या, चौदाव्या दिवशी सोनोग्राफीला तासगावची फेरी. त्या गोळीनं कितीतरी घरांत पाळणे हलवले, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येकीचं शरीर वेगळं आणि गोळी मोजक्या दोन-तीन मापांची. कुणाला कमी पडायची, कुणाला जादा व्हायची, आणि ते कळायचं महिना गेल्यावर.

बीज पिकतं कसं? मेंदू बीजकोशाला निरोप पाठवतो, एक बीज तयार कर. बीजकोशात पाण्याच्या बारीक पिशव्या असतात, पुटिका म्हणतात त्यांना. निरोप आला की त्यातली एक पुढं जाते, मोठी होते आणि फुटून बीज सोडते. अस्मिताच्या पोटात निरोप अर्धवट पोचायचा. डझनभर पुटिका एकदम निघायच्या आणि सगळ्या वाटेत थांबायच्या. द्राक्षवाल्याला हे समजायला डॉक्टर लागत नाही. वेलीवर घडाची सुरुवात दिसते आणि चार दिवसांत घडाऐवजी नुसती गुंडाळलेली तार उरते. घड जिरला म्हणतात. अस्मिताचे घड आठ वर्षं जिरत होते.

पट्टीला केसाहून बारीक सुया. त्या रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखालचं पाणी चाखतात, दर पाव तासाला. त्यातून बीजकोश किती जागा झालाय ते पट्टीला कळतं. तिच्यात औषधाचे दोन कप्पे. एकातलं औषध मेंदूला भासवतं की बीजकोश झोपलाय, म्हणजे मेंदू जास्त मोठ्यानं हाक मारतो. तेवढ्यानं भागलं नाही तर दुसऱ्या कप्प्यातून बीजकोशाला थेट उठवणारा हॉर्मोन, थेंबाच्या हजाराव्या हिश्श्यानं. पण पट्टीची खरी अक्कल औषधात नाही, कंजूषपणात आहे. एक पुटिका पुढं निघाली की ती हात आखडता घेते. एकच बीज, वेळेवर, कमीत कमी औषधात. ज्या माणसांनी हे यंत्र घडवलं, त्यांनी बाईच्या शरीराचं म्हणणं आधी ऐकून घेतलं आणि मग औषध दिलं. हे आजवर फार थोड्यांनी केलंय.

यंत्राला नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायचं तर अर्जातल्या सातव्या रकान्याला. 'माहिती कोणास पाठवावी?' बेंदवाडीत हा रकाना बाई भरतच नाही. नवरा भरतो, स्वतःचा नंबर आणि आईचा नंबर. अस्मितानं फक्त खाली सही केली होती.

पाच महिन्यांत मेसेज दोनदा आला. दोन्ही वेळा मंगलचं अंथरूण रस्ता ओलांडून गेलं आणि दोन्ही वेळा पाळी आली. उपकेंद्राच्या मुजावर सिस्टर म्हणाल्या, "अगं, दोनदा बीज पिकलं, हीच किती मोठी गोष्ट! निरोगी जोडप्यालासुद्धा पाच-सहा महिने लागतात. धीर धर."

धीर धैर्यशीलला धरवेना. अस्मिताचा नवरा पंचक्रोशीत ओळखला जायचा तो डोससाठी. द्राक्षाचे मणी फुगावेत म्हणून घड जीए नावाच्या संजीवकात बुडवतात, आणि ते पाण्यात किती घालायचं यावर हंगाम ठरतो. पाच गावांतली माणसं त्याला घडाचे फोटो पाठवायची आणि तो फोनवर आकडा सांगायचा. आकडा चुकत नसे. अशा माणसाला आपल्या बायकोच्या दंडावर एक पट्टी आपल्याला न विचारता डोस ठरवते, हे कसं रुचावं?

"एकाच घडावर बाग धरल्यागत चाललंय आपलं," तो जेवताना म्हणाला. "एक बीज. लागलं तर लागलं. दोन-तीन पिकली तर एक तरी धरंलच की."

"पट्टी एकच पिकवती. तशीच बनवलीया ती," अस्मिता म्हणाली.

"म्हणून तर दुसरी लावायची."

त्यानं फ्रिजमधून पाकीट काढलं. चुलतभावाच्या बायकोला दिवस गेले होते, तिच्या उरलेल्या दोन पट्ट्यांतली एक. "पाठीवर लाव. सिस्टर दंड बघत्यात, पाठ न्हाई बघत."

मंगल भाकरी थापता थापता थांबली. "काय होणार न्हाई ना रं?"

"आई, जीए पाच पीपीएम वाढवला की आठ दिवसांत मणी कसा दिसतो? डोळ्यानं बघितलंयस तू."

अस्मितानंही बघितलं होतं. लग्नाच्या आधीपासून ती टोळीत घड बुडवायला जायची. हातातला मग, बोटांना चिकटणारं ते पाणी, आणि आठवड्यात दुप्पट झालेले मणी. वेलीला जे लागू, ते आपल्याला का नाही? तिनं ब्लाउजची मागची बाजू सैल केली आणि पाठ केली. चूक तिचीही होती. पुढं तिनं ती कधी नाकारली नाही.

दुसऱ्या पट्टीला पहिलीचा पत्ता नव्हता. पहिलीला दुसरीचा नव्हता. दोघींना वाटत होतं, या शरीरात औषध देणारी मी एकटीच. शरीर उत्तर द्यायला दोन-तीन दिवस लावतं. उत्तर येईपर्यंत दोघींनी आपापल्या परीनं जपून, मोजून औषध दिलं, आणि दोन कंजुषांचा मिळून एक उधळ्या झाला.

दहाव्या दिवशी मुजावर सिस्टर थेट बागेत आल्या. स्कूटर बांधावर टाकली आणि वेलींच्या रांगेतून वाकत वाकत अस्मितापर्यंत पोचल्या. टोळी विरळणी करत होती. घडात मण्यांची दाटी झाली की कात्रीनं मधले मणी काढून टाकतात, म्हणजे उरलेले फुगतात.

"कात्री ठेव. पाठ दाखव."

"काय झालं, सिस्टर?"

"मी रोज दोनशे बायकांच्या पट्ट्यांनी पाठवलेल्या रेघा बघते, अस्मिता. ही रेघ एका पट्टीची नाही. पाठ दाखव म्हणते ना."

शेतात घालायचा धैर्यशीलचा जुना शर्ट सिस्टरनी स्वतःच वर केला. पट्टी दिसली.  त्यांनी ती उपटली, आणि चिकट कागदाबरोबर कातडीही ओरबाडली.

उपकेंद्रात सिस्टरनी सोनोग्राफीची हातातली दांडी पोटावर फिरवली. धैर्यशील दारात उभा होता. पडद्यावर काळे गोल दिसले.

"मोज," सिस्टर म्हणाल्या.

अस्मितानं मोजले. "चार."

"चार पुटिका. चारही पिकायच्या बेतात. दंडावरच्या पट्टीचं औषध मी बंद केलंय, मोजमाप फक्त चालू ठेवते. पण तुझं शरीर आता थांबणार नाही, दोन दिवसांत ही बीजं सुटतील. नीट ऐका दोघं. आठ दिवस लांब राहायचं. नाहीतर साधन वापरायचं."

"आन् राहिलं तर?" धैर्यशीलनं विचारलं.

"चारही राहू शकतात. चार जीव या एवढ्याशा पोटात. आणि बीजकोश आत्ताच सुजलेत. त्यात गर्भ राहिला तर गर्भाचा हॉर्मोन सूज आणखी भडकवतो. पोटात पाणी भरतं, रक्त घट्ट होतं. बाई जाऊ शकते, धैर्यशील."

 परत येताना बागेच्या तोंडाशी आल्यावर तो म्हणाला, "सिस्टर भिववत्यात. त्यांचं कामच हाय ते. चार राहिली तर दोन ठेवू. मोठ्या दवाखान्यात विरळणी करत्यात की."

अस्मितानं वाटेवरचा एक घड हातात धरला, दुसऱ्या हातानं शर्टाच्या खिशातली कात्री काढली आणि मधले मणी कापायला लागली. सराईत हात, एका घडाला पाऊण मिनिट. मणी पायाशी पडत होते.

"ह्यो आवाज ऐकतोस?" ती म्हणाली. "दिवसाला चारशे घड करते मी. येल काय बोलत न्हाई, म्हणून करता येतं. मी बोलते. न्हाई म्हणते मी."

"आठ वर्षं झाली, अस्मिता."

"मला मोजता येतात."

आठ वर्षं औषधं, नवस, दर महिन्याचं ते न्हाणीघरातलं रडणं, आणि आता पहिल्यांदा तिच्या पोटात एक सोडून चार बीजं पिकली होती. तीच बाई नाही म्हणत होती. तिला मूल नको होतं म्हणून नव्हे. तिला ते कुणाहूनही जास्त हवं होतं. आपल्याला सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट दारात उभी आहे आणि आपण दार लावून घ्यायचं, याला काय छाती लागते ते ज्यांनी कधी काही नाकारलं नाही त्यांना कळायचं नाही.

जुन्या काळी बाईला निदान एक आडोसा होता. दिवस कुठला, ते कुणालाच नक्की ठाऊक नसायचं. डोकं दुखतंय म्हणून कूस बदलली तरी कुणाला काही कळत नसे. पट्टीनं दिवस नेमका केला, आणि तो दोन फोनांवर पोचवला. आता नकारालाही तारीख होती, आणि साक्षीदार होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मेसेज आला. 'बीज परिपक्व. वैद्यकीय सल्ला: संबंध टाळावेत.' मंगलनं पहिले दोन शब्द वाचले आणि अंथरूण गुंडाळलं.

दिवे लागायला ती शालनकाकूच्या सोप्यात टेकली, तोच मागोमाग अस्मिता आली. तिच्याही काखेत अंथरूण होतं. तिनं ते सासूच्या शेजारी पसरलं.

"अगं, तू कुठं आलीस?" मंगल ताडकन उठली.

"झोपायला."

"खुळी का काय तू! आज... अगं आज..."

"आजच, आत्या. म्हणून तर आले."

शालनकाकूला हसू आवरेना. "ऱ्हाऊ दे की मंगल. माझ्या सोप्यात तिसरी बी मावंल. धैर्यशीलला बी बोलवू का? सगळीच या."

"तू गप गं!" मंगल सुनेकडं वळली. "लोकं मला विचारत्यात. आठ वर्षं तोंड दाखवायची चोरी झालीया मला. उद्या काय सांगू मी त्यांला?"

"सांगा, सुनेला झोप आली."

"माझ्या पोराचं नशीबच..."

"आत्या," अस्मिता उशी ठोकत म्हणाली, "सिस्टरनी सांगितलं, ह्या येळंला राहिलं तर मी मरू शकते. मेसेजचं पुढचं वाचलं न्हाईसा तुम्ही. वाचा."

मंगलनं चष्मा लावला. मेसेज पुढं वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून तिनं शालनकाकूकडं बघितलं, आणि आपलं अंथरूण सुनेच्या अंथरुणाला जोडून घेतलं.

अस्मिता सहा रात्री तिथं झोपली. धैर्यशील तिच्याशी बोलत नव्हता. गल्ली बोलत होती, आणि काय बोलत होती ते इथं लिहायची गरज नाही. तुम्ही ते कुठंतरी ऐकलेलं आहे.

सातव्या दिवशी परकराची नाडी पुरेना. सिस्टरनी वजन केलं तर तीन दिवसांत अडीच किलो वाढलेलं. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला धाप लागली होती. पाच दिवस सलाईन, दर चार तासांनी पोटाचा घेर मोजणं. मग सूज उतरली.

डॉक्टरीणबाईंनी धैर्यशीलला बाहेर बाकावर बसवलं. "तिच्या पोटातून दीड लिटर पाणी काढलं. हे गर्भ नसताना. गर्भ असता तर कसं वाचवलं असतं, मला सांगता येत नाही. पाच दिवस आम्ही झटलो, पण ती वाचलीय ती त्याच्या आधीच. स्वतःच वाचली. तुम्ही ऐकलंत ना तिचं?"

धैर्यशील म्हणाला, "न्हाई." खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

आत येऊन तो खाटेच्या पायाशी उभा राहिला. "डोस चुकला माझा."

"डोस दोघांचा चुकला," अस्मिता म्हणाली. "पाठ मीच केली होती. पण विरळणीचं तू एकट्यानं ठरवलंस."



घरी आल्यावर मुजावर सिस्टर कागद घेऊन आल्या. "मला हे वर कळवावं लागतंय. दुसऱ्याची पट्टी लावली असं लिहिलं तर सहा महिने तुला योजना बंद. 'पट्टीत बिघाड' असं लिहू का? कुणी खोलात जाणार नाही."

एकतीस संपत आलेलं वय. सहा महिने म्हणजे सहा पाळ्या. मंगल दाराआडून खुणा करत होती, बिघाड, बिघाड लिही म्हणावं. अस्मितानं तिच्याकडं बघितलं आणि मग सिस्टरकडं.

"बिघाड न्हाई झाला. यंत्राला खोटं पाडू नका. दोन लावल्या, पाठीवर लावली, द्राक्षाचा हिशेब लावून लावली. सगळं लिहा. न्हाईतर आणखी कुठल्या तरी गावात आणखी कोणतरी पाठ करंल, आन् तिथल्या सिस्टर तुमच्यासारख्या नसतील."

सिस्टरनी लिहिलं. अस्मितानं सही केली. सहा महिने गेले. तेवढ्यात काहीच झालं नाही असं नाही. तो कागद बेंदवाडीतून जिल्ह्याला गेला, तिथून पट्टी बनवणाऱ्यांच्या टेबलावर. त्यांनी तो वाचला आणि कामाला लागले. ऑगस्टमध्ये नवी पट्टी आली. ती अंगाला चिकटली की औषधाचा कप्पा उघडण्याआधी दिवसभर नुसतं पाणी चाखते. शरीरात आणखी कुणाचं औषध सापडलं तर बंदच राहते. राज्यभरातल्या हजारो बायकांच्या दंडावर आज ती आहे. तिच्या खोक्यावर कंपनीचं नाव आहे, योजनेचं आहे, मंत्र्याचा फोटो आहे. अस्मिता जमदाडेचं नाव नाही. असायला हवं होतं.

नवा अर्ज भरताना धैर्यशीलनं सवयीनं पेन पुढं केलं. अस्मितानं ते त्याच्या हातातून घेतलं आणि सातव्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

"मला तरी?" त्यानं विचारलं. पाच गावांना डोस सांगणारा तो माणूस तेव्हा अर्जावरच्या रेघेकडं बघत होता.

"तू विचार. सांगण्यासारखं असंल तर सांगीन."

त्याला विचारायला शिकावं लागलं. पहिल्यांदा त्यानं विचारलं ते असं, "काय, झालं का?" त्यावर ती उठून कामाला गेली. मग एकदा सकाळी ठिबकच्या नळ्या तपासताना तो तिच्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "तुला कसं वाटतंय आज?" त्यावर तिनं हातातलं काम ठेवलं आणि सांगितलं, बराच वेळ. आठ वर्षांत त्या दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. त्यात बीजाची गोष्ट शेवटी आली, अर्ध्या वाक्यात. कधी ती आज नाही म्हणायची, आणि तो "बरं" म्हणून उठायचा.

मंगलचा फोन गप्प झाला. पहिले दोन महिने तिला चैन पडेना. फोन बिघडला का म्हणून तिनं दुकानात नेऊन दाखवला.

माघात काढणी सुरू झाली. पहाटेपासून टोळी बागेत, क्रेटवर क्रेट भरून रस्त्याला. दहाच्या सुमाराला मंगल किटलीतून चहा घेऊन आली. सगळ्यांनी घेतला. अस्मितानं कप नाकाजवळ नेला, तोंड वळवलं आणि तो तसाच बांधावर ठेवला. मंगलनं बघितलं. मंगलच्या शेजारी उभ्या असलेल्या शालनकाकूनंही बघितलं.

परतताना शालनकाकूनं तिला वाटेतच गाठलं. "काय गं मंगल, सून चहा घेईना?"

"साखर जादा पडली आसंल."

"परवा बी घेतला न्हाई. मी बघितलंय. आन् ह्या महिन्यात ती..."

"शालन, ऊन व्हायला लागलंय. घरला जा."

"अगं मला तरी सांग! मी काय परकी हाय व्हय? किती दिवस झालं?"

"मला ठावं न्हाई."

"तुला? तुला ठावं न्हाई?"

मंगलनं किटली या हातातून त्या हातात घेतली. तिच्या तोंडावर हसू फुटत होतं आणि ती ते दाबत होती. ते दाबणं तिला भारी पडत होतं.

"पोट माझं हाय व्हय?" ती म्हणाली. "तिचं हाय. बागेतच हाय ती. जा, इचार जा."

शालनकाकू बागेकडं वळली. दोन पावलं गेली. लांबवर वेलींच्या रांगेत अस्मिता क्रेट उचलायला वाकत होती, आणि धैर्यशील तिच्या हातातला क्रेट काढून घेत होता. ती त्याला काहीतरी सुनावत होती, तो हसत होता.

 काकू पदर सारखा करून तिथूनच घराकडं परतली.